कॅमेरा तीनसमोरची खुर्ची

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बस्त्याव सिद्दी कॅमेरा तीनसमोरच्या खुर्चीत जाऊन बसला. ती खुर्ची त्याची नव्हती.

“उठा,” मी म्हणाले. “वृंदाबाई येतायत.”

“येऊ देत की ओ. मी कुठं त्यांच्या मांडीवर बसलोय?”

स्टुडिओत चार-पाच माणसं होती, ती हसली. मी हसले नाही. रेकॉर्डिंगला तासभर उरला होता आणि प्रेक्षकांची रांग बाहेर लागलेली होती.

हे १९७८च्या डिसेंबरमधलं. मुंबईच्या टीव्ही केंद्रावर मी फ्लोअर मॅनेजर होते. निर्माता वर काचेआड, कंट्रोल रूममध्ये बसतो. नट खाली स्टुडिओत असतात. मध्ये फ्लोअर मॅनेजर उभी. तिच्या कानावर हेडफोन असतो, त्यातून निर्मात्याचं बोलणं तिला एकटीला ऐकू येतं, आणि ते तिने नटांपर्यंत हातवाऱ्यांनी पोचवायचं. पोचवायचं म्हणजे गाळून पोचवायचं. ‘त्या गाढवाला सांग, कॅमेऱ्याच्या आड येतोय,’ असं आतून आलं, की आपण नुसता हात डावीकडे हलवायचा. आतलं बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

बस्त्यावला तो ठाऊक होता. प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर तो विचारायचा, “आतून किती शिव्या, बाई?” मी म्हणायची, “दोन.” तो म्हणायचा, “दोनच? मग आज काम वाईट झालं असणार.”

खुर्चीचं असं होतं. रेकॉर्डिंगआधी तिन्ही कॅमेरे एका चेहऱ्यावर लावून जुळवून घ्यावे लागत. किती उजेड आत घ्यायचा, काळं किती काळं, पांढरं किती पांढरं, हे त्या एका चेहऱ्यावरून ठरायचं. आमच्याकडे तो चेहरा निवेदिका वृंदा टिपणीस यांचा. केंद्रातला सगळ्यात गोरा चेहरा. त्या येऊन पाच मिनिटं खुर्चीत बसत, पर्समधली विणकामाची सुई काढून दोन ओळी विणत, आणि उठून जात. मग त्यांच्यासारखे जे असत ते पडद्यावर छान दिसत. बाकीचे कमीजास्त दिसत.

बस्त्याव दिसत नसे. आणि महाराष्ट्रातली जेवढी घरं तेव्हा टीव्ही बघत होती, तेवढी सगळी त्याला ओळखत होती.

आमचा कार्यक्रम होता ‘शनिवारचा चिवडा’. त्यात बस्त्याव एका हाउसिंग सोसायटीचा वॉचमन व्हायचा, नाव काळूराम. नाव निर्माते पळसुले यांनी ठेवलेलं. सोसायटीची मीटिंग चाललेली असे. पांढरे शर्ट घातलेले चार सभासद भांडत असत, आणि ऐन भांडणात दिवे जात. अंधारात सेक्रेटरी घाबरून विचारी, “कोण आहे तिकडे?” आणि पडद्यावर नुसते दात उगवत. “मी हाय, काळूराम. दिवा लावू का?” सेक्रेटरी म्हणे, “दिवा नको. तू हसत राहा.”

हे वाक्य वर्षभर मुंबईत चाललं. भारनियमन असलं की माणसं एकमेकांना म्हणत, दिवा नको, तू हसत राहा. बस्त्याव माझगावला राहायचा. गल्लीतली पोरं त्याला बघून तेच ओरडायची. तोही त्यांना दात दाखवायचा. एकदा मी विचारलं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, “बाई, आधी हीच पोरं ‘हबशी, हबशी’ करून दगड मारायची. आता नुसतं बोलतात. बढती झाली की नाही?”

तो हल्याळकडचा. कारवार जिल्ह्यातल्या त्या जंगलात सिद्दींची गावं आहेत. पोर्तुगीज जहाजांतून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज, निदान तसं सांगतात. त्याचं मराठी त्या सीमेवरचं होतं, घरी तो कोकणी बोलायचा, शिव्या कानडीत द्यायचा. पण आमच्या गेटवरचा शिपाई वर्षभर त्याला विचारत राहिला की साहेब नैरोबीचे का. बस्त्याव मला म्हणाला होता, “चारशे वर्षं झाली येऊन. तरी विचारतात, कधी आलात?”

पळसुल्यांनी त्याला गोदी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत पाहिलं. तिथे तो हेडमास्तर झाला होता. धोतर, कोट, छडी. गोऱ्यापान पोरांना छडी दाखवून पाढे म्हणायला लावत होता आणि स्वतः मधला एक आकडा दरवेळी विसरत होता. पळसुले हसून हसून खुर्चीवरून घसरायचे बाकी राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदीत माणूस पाठवला. तोवर असा चेहरा आपल्या टीव्हीवर कुणी आणला नव्हता, आणि आणायचा म्हणून वरच्या साहेबांशी पळसुले भांडले होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यावरून लोक त्यांना दुष्ट ठरवतात. ते दुष्ट नव्हते. त्यांना हशा कुठे आहे ते कळत होतं, एवढंच.

हेडमास्तर मात्र टीव्हीवर आला नाही. “पुढच्या तिमाहीत करू,” असं पळसुले तीन वेळा म्हणाले होते.

तर त्या संध्याकाळी बस्त्याव खुर्चीतून उठेना.

“काय हवंय तुम्हाला?” मी विचारलं.

“माझी माय आलीय गावाहून,” तो म्हणाला. “पहिल्यांदा मुंबई बघतेय. गेल्या शनिवारी शेजारी डिसोझांच्या घरी बसवलं तिला टीव्हीपुढं. सगळं बिऱ्हाड जमलेलं. मी लागलो, सगळे हसले, संपलं. ती गप. मग मला म्हणते, ‘तू कधी येणार?’ म्हटलं, अगो, तो वॉचमन मीच नव्हं? ती म्हणाली, ‘तिथं दात होते. दात सगळ्यांचे सारखेच असतात.’”

सांगताना तो हसत होता. सवयच ती.

“उद्या सकाळच्या गाडीनं जाणार ती. आज इथं येऊन बसणार आहे, पुढच्या रांगेत. एकदा तरी तिला मी टीव्हीत दिसायला पाहिजे, बाई. त्या काचेत. समोर तर मी तिला रोज दिसतो, त्यात काय आहे. त्या काचेत.”

एवढ्यात केळुसकर खाली आले. कॅमेऱ्यांचा उजेड वरखाली करणारे इंजिनियर. बुटके, तोंडात कायम लवंग. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

“वृंदा कुठाय?”

“मी वृंदा,” बस्त्याव म्हणाला. “आज ऊन लागलं जरा.”

केळुसकरांची लवंग तोंडातच थांबली. मग ते म्हणाले, “विनोद आतल्या लोकांना ऐकव. मला वेळ नाही.”

बस्त्यावने त्यांनाही आईचं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मध्येच कॅमेऱ्याच्या मागे जाऊन त्याच्याकडे भिंगातून बघून आले.

“हे बघ,” ते म्हणाले, “त्या चौघांचे पांढरे शर्ट आणि तुझा चेहरा एका चौकटीत मला नाही दाखवता येत. हे यंत्र आहे. कुणाला तरी सोडावं लागतं.”

“आणि दरवेळी मीच सुटतो.”

“तू काळूराम आहेस. तू सुटलास की लोक हसतात. ते सुटले तर मला मेमो येईल.”

“चौकटीत मी एकटा असलो तर?”

केळुसकर पुन्हा भिंगामागे गेले. नियमाप्रमाणे बोलायचं तर पळसुल्यांना विचारायला हवं होतं. पण केळुसकरांना यंत्राचं कोडं कुणी घातलं की ते सोडवल्याशिवाय राहवत नसे. शेवटी असं ठरलं की एक आणि दोन नेहमीप्रमाणे वृंदाबाईंवर आणि कॅमेरा तीन बस्त्यावच्या चेहऱ्यावर जुळवायचा, तो फक्त बस्त्यावच्या क्लोजअपला वापरायचा आणि त्या वेळी चौकटीत दुसरं कुणी येऊ द्यायचं नाही. वरून एक छोटा दिवाही त्याच्या बाजूला वळवायचा.

पळसुल्यांना केळुसकर सांगतील असं मला वाटलं. मी सांगेन असं केळुसकरांना वाटलं. आणि यात सांगण्यासारखं काय आहे, असं बस्त्यावला वाटलं असणार.

कॅमेरा जुळत असताना त्याच्यासमोर एक छोटा टीव्ही ठेवला होता. त्यात हळूहळू चेहरा उमटत गेला, डबक्यातला गाळ खाली बसावा तसा. आधी कपाळ, मग गालाची हाडं, मग डाव्या भुवईवरचा जुना व्रण. मी वर्षभर त्याच्यासोबत काम करत होते. तो व्रण मी पाहिलेला होता, पण तो पडद्यावर पाहिला तेव्हा मला तो नव्याने दिसला.

बस्त्याव बराच वेळ त्या टीव्हीकडे बघत राहिला.

“म्हातारा झालो की ओ मी,” तो म्हणाला.

सात वाजता प्रेक्षक आत आले. त्याची आई पहिल्या रांगेत बसली. ठेंगणी, ताठ, काळ्या काठांची लाल साडी गुडघ्याच्या जरा खाली नेसलेली, केस पांढरे आणि बारीक कुरळे. नाव नाताल. शेजारी कुणीतरी अंग चोरून बसलं, ते तिच्या लक्षात आलं नाही किंवा आलं असेल. मी तिला नमस्कार केला. तिने माझा हेडफोन बोटाने दाखवून विचारलं, “कान दुखतो?”

टीव्हीच्या प्रेक्षकांची एक गंमत सांगते. आमच्या स्टुडिओत त्यांच्यासाठी वरती टीव्हीचे चार संच टांगलेले असत. नट हाकेच्या अंतरावर, जिवंत, समोर उभे. पण दिवे लागले आणि कार्यक्रम सुरू झाला की शंभरातली नव्वद माणसं मान वर करून टीव्हीच बघायची. हसायचीही त्याच्याकडे बघून. समोरचं खरं वाटायचं नाही.

नातालबाईही वरच बघत होत्या. मुलाने तसं बजावलं असणार.

मीटिंग सुरू झाली. सभासद भांडले. पाण्याच्या टाकीवरून, मग गच्चीवर वाळत घातलेल्या लेंग्यावरून. हशे येत होते. मग दिवे गेले; बस्त्यावच्या बाजूला वळवलेला तो छोटा दिवा तेवढा राहिला.

“कोण आहे तिकडे?” सेक्रेटरीने विचारलं.

हेडफोनमध्ये पळसुले म्हणाले, “तीन.”

वरच्या चारही पडद्यांवर बस्त्यावचा चेहरा आला.

पूर्ण चेहरा. भुवईवरचा व्रण, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, ओठांच्या कडेची थकलेली रेघ. चाळिशीतला एक माणूस, वॉचमनच्या टोपीत, समोर बघणारा. तो हसला, रोज हसायचा तसाच. पण त्या हसण्याला आता चेहरा होता, आणि तो चेहरा हसत नव्हता.

“मी हाय, काळूराम,” तो म्हणाला. “दिवा लावू का?”

कुणी हसलं नाही.

माझ्या उभ्या आयुष्यात मी स्टुडिओत इतकी शांतता ऐकलेली नाही. शांतता वाईट नव्हती. माणसं बघत होती. पुढच्या रांगेत नातालबाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं आणि वर बोट दाखवलं. त्यांचं तोंड उघडं होतं, लहान मुलांचं असतं तसं.

“हे काय आहे?” पळसुल्यांचा आवाज माझ्या कानात. “कोण आहे हा? केळुसकर, खाली आणा.”

“साहेब, एक मिनिट, मी त्याला—” केळुसकर म्हणाले.

“खाली आणा. हशा मेला माझा.”

केळुसकरांनी उजेड खाली आणला. वरच्या पडद्यांवर कपाळ गेलं, गाल गेले, व्रण गेला. दात राहिले.

हशा आला. सुटल्यासारखा आला, आधीचा उधार असावा तसा. माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती. आता त्यांना कळलं होतं की आपण कुठे आहोत.

बस्त्यावला स्वतःचा पडदा समोर दिसत होता. सेक्रेटरीच्या टेबलामागे तो छोटा टीव्ही अजून तिथेच होता. कुणी उचललाच नव्हता. त्याने त्यात पाहिलं. मग त्याने तोंड मिटलं.

मग डोळे मिटले.

पडदा काळा झाला. चारही संचांवर काहीच नाही. टोपीवरच्या पितळी बिल्ल्याचा एक ठिपका फक्त. हशा विरत गेला. मागे कुणीतरी म्हणालं, “संच बिघडला काय?” समोर, हाकेच्या अंतरावर, बस्त्याव दिव्याखाली उभा होता, अगदी स्पष्ट. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे वर बघत होते.

“शालन,” पळसुले मला म्हणाले, “त्याला हसायला सांग.”

हसायला सांगायची खूण ठरलेली असते. दोन बोटं ओठांच्या कडांना लावून वर न्यायची. मी हात वर केला. खूण केली. पण खूण दिसायला समोरच्याचे डोळे उघडे लागतात.

“शालन, सांगतेस ना?”

तेवढ्यात पुढच्या रांगेत नातालबाई उभ्या राहिल्या. त्या वरच्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी हाक मारली. गावात, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी, मोठ्याने आणि लांबवून.

“बस्त्याऽऽ! खंय आसा तूं?”

कुठे आहेस तू.

स्टुडिओ कोसळला. दुसरा शब्द मला सुचत नाही. लोकांना वाटलं हा नाटकाचाच भाग आहे. एक म्हातारी काळ्या पडद्याला विचारतेय, कुठे आहेस. इतका मोठा हशा आमच्या कार्यक्रमाला आधी कधी आला नव्हता आणि नंतर आला नाही. कुणी शिट्टी मारली. नातालबाई वळून मागे बघू लागल्या, की लोक कशाला हसतायत.

बस्त्यावने डोळे उघडले. आईकडे बघून त्याने काहीतरी म्हटलं. दोन किंवा तीन शब्द असतील, जास्त नाही. मी त्याच्यापासून चार हातांवर होते. मला ऐकू आलं नाही. मागून हशा होता आणि कानात पळसुले ओरडत होते, “ठेव! हे ठेव! थांबवू नकोस, कॅमेरा दोन, म्हातारीवर जा!”

सेक्रेटरीचं काम करणारा नट अनुभवी होता. शांतता पडली की कुणीतरी पुढचं वाक्य बोलायचं असतं, एवढं त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “दिवा नको. तू हसत राहा.”

बस्त्यावने त्याच्याकडे पाहिलं. मग तो हसला. संगीत वाजलं, नावांच्या पाट्या आल्या, संपलं.

मेकअप रूमच्या बाहेरच्या बोळात तो मला भेटला. गणवेश उतरवून घरचे कपडे घातलेले. आई बाकावर बसून केंद्राने दिलेला बटाटेवडा खात होती, अर्धा कागदात बांधून ठेवत होती.

“आतून काय आलं, बाई?” त्याने विचारलं.

मी गाळून सांगू शकले असते. वर्षभर तेच केलं होतं. पण त्या वेळी मला काय गाळावं ते कळेना.

“पळसुले फार खूश आहेत,” मी म्हणाले. “पुढची तिमाही पक्की म्हणतायत. आणि पुढच्या शनिवारपासून आईलाही घेऊन ये म्हणालेत. दर वेळी पुढच्या रांगेत बसवायचं. दिवे गेले की त्यांनी हाक मारायची. त्यांचं मानधन वेगळं.”

त्याने बाकावरच्या आईकडे पाहिलं.

“आणि शिव्या?”

“एकही नाही.”

“एकही नाही?” त्याने मान हलवली. “मग फारच वाईट झालं.”

“हेडमास्तरचं मी बोलते त्यांच्याशी,” मी म्हणाले. “खरंच बोलते.”

“कॅमेऱ्याला विचारा आधी,” तो म्हणाला. “त्याला हेडमास्तर दिसणार का ते.”

आईने त्याला कोकणीत काही विचारलं. बाई काय म्हणते, असं असावं. त्याने उत्तर दिलं, थोडक्यात. त्याने काय सांगितलं मला कळलं नाही, पण नातालबाईंचा चेहरा उजळला. त्या उठल्या, हात पदराला पुसले, आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाल्या, “दिसलो गो. इल्लोच, पूण दिसलो.” थोडाच दिसला, पण दिसला.

“चला माय,” बस्त्याव म्हणाला. जाताना मला म्हणाला, “केळुसकरसाहेबांना सांगा, काम चांगलं होतं. तेवढा वेळ.”

पुढच्या शनिवारी तो आला नाही. मी माझगावला गेले. डिसोझांची बायको म्हणाली, आईला गाडीत बसवायला म्हणून गेला तो परतच नाही आला. खोलीत त्याचं फारसं काही नव्हतंच. पळसुल्यांनी गावच्या पत्त्यावर दोन तारा केल्या. “एवढं काय झालं?” ते मला पुन्हा पुन्हा विचारत. “लोकांनी डोक्यावर घेतलं असतं त्याला. आईला घेतलं असतं.” ते खरंच दुखावले होते. मी पहिल्यांदा त्यांना काय झालं ते सांगायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, “अगं, पण आईला वाईट वाटलं नाही ना? ती तर खूश होती.”

तो भाग ठरल्याप्रमाणे प्रसारित झाला आणि गाजला. काळूराम बंद करणं शक्य नव्हतं. गिरगावातला एक हौशी नट आणला, त्याला चेहऱ्यावर आणि हातांवर काळा रंग फासला. पडद्यावर तो उत्तम दिसला. रंग तेलकट होता, त्यामुळे चमकत होता, नाकडोळे सगळे नीट उठून येत होते. केळुसकरांना काहीच करावं लागलं नाही. लोक मात्र हसले नाहीत. दोन महिन्यांत काळूरामची सोसायटीतून बदली झाली.

टेप तेव्हा महाग होती. जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे घेत. ‘शनिवारचा चिवडा’चा एकही भाग उरला नाही. वर्तमानपत्रात छापलेला बस्त्यावचा एक फोटो आहे माझ्याजवळ. कागद पिवळा पडलाय, त्यातही टोपी आणि दात दिसतात.

पंधरा वर्षांनी धारवाडला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून हल्याळला उतरले. नातालबाई वारल्या होत्या. बस्त्यावबद्दल एकाने सांगितलं, तो गोव्यात खाणीवर आहे. दुसऱ्याने सांगितलं, दांडेलीला. त्याचा एक चुलतभाऊ भेटला, दमाम बांधायचं काम करत होता. दमाम म्हणजे त्यांचा मोठा ढोल. कातडं ताणता ताणता तो म्हणाला, “येतो कधी जत्रेला. हेडमास्तर करतो. पेट्रोमॅक्स स्वतःच्या हातात धरतो आणि तोंडाजवळ नेतो. दुसऱ्याला धरू देत नाही. हात भाजतो तरी देत नाही.”

“लोक हसतात?”

“न हसून काय करतील? पोटात दुखतं.”

त्या वर्षीच्या जत्रेला मी थांबू शकले नाही. पुढच्या वर्षी गेले तेव्हा तो आला नव्हता. त्यानंतर त्याला पाहिलेलं कुणी मला भेटलेलं नाही.

पळसुले गेले. केळुसकरही गेले. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडात लवंग होती म्हणे.

यंदा मार्चमध्ये मला एका मुलाचा फोन आला. निनाद कुलथे त्याचं नाव. जुन्या टेप स्वच्छ करून त्यातलं चित्र वाचवायचं काम करतो. रब्बी पिकांवरच्या किडीचा एक कार्यक्रम त्याच्या हाताला लागला होता. कीड लवकर संपली, टेप उरली. उरलेल्या टेपवर आधीचं काहीतरी पुसायचं राहून गेलं होतं. पाट्यांमध्ये त्याला माझं नाव सापडलं.

“मॅडम, शेवटची चार मिनिटं आहेत,” तो म्हणाला. “आधी दात दिसतात, मग पूर्ण काळं. एक बाई हाक मारते, आवाज स्पष्ट आहे. मग हशा. हशात पुन्हा दात हलतात, तो माणूस काहीतरी बोलतो, ते माइकवर नाही. काय म्हणाला तो?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही तिथे होतात ना?”

“होते.”

तो म्हणाला, “चेहरा उजळता आला तर ओठ वाचता येतील. बघू का?”

“येईल उजळता?”

“टेपवर उतरलं असेल तेवढंच निघेल. त्या वेळी इंजिनियरने उजेड किती बंद केला होता त्यावर आहे. पूर्ण बंद केला असेल तर तिथे काहीच नाही. थोडा ठेवला असेल तर आहे.”

मी त्याला केळुसकरांबद्दल सांगितलं. ‘एक मिनिट’ म्हणाले होते ते, हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याला त्याचा उपयोग नव्हता.

टेप अजून त्याच्याकडे आहे. काल मी फोन केला होता.

“दात अगदी स्वच्छ आलेत, मॅडम,” तो म्हणाला. “बाकीचं बघतोय.”